आग्वादच्या कोठड्यांत चित्रं टांगायची?

मांडवीकाठ: गोव्याच्या आग्वाद किल्ल्यात पोर्तुगीजांनी आपले स्वातंत्र्यसैनिक डांबले, आणि काल इथे एकाने लिहिलं, 'आग्वादच्या जुन्या तुरुंगात रडका इतिहास पुरे झाला, कोठड्या आर्ट गॅलरीला आणि मैफलींना द्या.' वाचून डोकं फिरलं. पोर्तुगालात पेनिश नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथल्या किल्ल्यात हुकूमशहा सालाझारने आपल्या गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते टी. बी. कुन्हांना डांबलं होतं. २०१६ साली तो किल्ला पर्यटन व्यावसायिकांना द्यायचं घाटत होतं. जुने राजकीय कैदी खवळले, सरकारने माघार घेतली, आणि २०२४ साली तिथे राष्ट्रीय संग्रहालय उघडलं. ज्यांनी डांबलं त्यांच्या देशाला हे कळतं, आणि आपण कोठड्या रिकाम्या करायला निघालो!

रेतीवरचा: पोस्ट माझी आहे आणि एक शब्द मागे घेत नाही. साळगावचे सूझा, मडगावचे लक्ष्मण पै, हे आपले गोव्याचे चित्रकार. माझी मुलगी चित्रकला शिकते, तिने पैंचं मूळ चित्र पहिल्यांदा पाहिलं ते मुंबईत! सरकारी संग्रहालयाला पणजीत पाटोवरच्या मोडकळलेल्या इमारतीतून बाहेर पडावं लागलं, त्याची कोणाला लाज वाटली?

मिरामारवाला: चित्रांचं नंतर बघा. आधी १९५५ च्या गोवा मुक्ती लढ्यात बाहेरून आलेले सत्याग्रही तिथे ठळक दाखवा. नानासाहेब गोरे, मधू लिमये गोव्यासाठी तुरुंगात गेले. माझे आजोबा मिरजेहून येऊन लाठ्या खाऊन गेले, गोव्यात त्यांचं नावही कोणी घेत नाही.

दिवाडकर: गोरे, लिमये १९५७ साली सुटून घरी गेले. गोंयकार कैद्याचं घर पोर्तुगीज पोलिसांच्या नजरेखालीच होतं. माझे आजोबा आत असताना म्हापशात आजीच्या दुकानाची पायरी कोणी चढत नसे. त्या भीतीला लाठीच्या वळाशी तोलू नका.

मिरामारवाला: मोहन रानडे सांगलीचे. गोवा मुक्त झाल्यावरही १९६९ पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात सडले. तेही बाहेरचे का?

दिवाडकर: रानडे इथे मास्तर झाले, बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी खाल्ली. ते आमचेच. बाकीच्यांबद्दल बोला.

मिरामारवाला: म्हणजे कोण आमचा ते तुम्ही ठरवणार?

रेतीवरचा: अहो, विषय काय होता? गोव्यातला रेइश मागुश किल्लाही तुरुंगच होता, तिथे आज व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची चित्रं आहेत. त्या किल्ल्याचं काय बिघडलं?

मांडवीकाठ: बरं, रेइश मागुशचं मान्य. बाहेरच्या मोकळ्या खोल्यांत लावा तुमचे पै. पण कोठड्यांत एक खिळा ठोकू देणार नाही, आणि मैफल तर नाहीच.

रेतीवरचा: खोल्या द्या, मग मैफलीचं बघू.

दिवाडकर: आणि आजीसारख्या बायकांसाठी कोणती खोली, तेही सांगा.