इलेक्ट्रिक गिटारचं लाकूड कानासाठी निवडायचं की खांद्यासाठी?

(गिटारवाल्यांची लेखी चर्चा. प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

सहावी तार

नवी इलेक्ट्रिक गिटार घ्यायचीय असं कुणी म्हटलं की पहिला सल्ला लाकडाचा मिळतो. महोगनी ऊबदार, मेपल चकचकीत, ऑल्डर मधलं, बासवुड हलक्या दर्जाचं. मीही कित्येक वर्षं हेच सांगत आलो. आता माझं ठाम मत झालंय की सॉलिड बॉडी, म्हणजे आतून भरीव गिटारचं लाकूड वजन, तोल आणि स्क्रू धरून ठेवायची ताकद बघून निवडावं. टोनसाठी निवडू नये.

मत का बदललं ते सांगतो. ऑल्डरची बॉडी खांद्याला झेपेना, म्हणून त्याच आकाराची, पॉलोनिया या हलक्या लाकडाची घेतली. नेक (दांडी), पिकअप (तारेच्या हालचालीची वीज करणारा भाग), ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात ती घोडी), पॉट (आवाज कमी-जास्त करायची बटणं), वायरिंग सगळं जुन्यातून काढून नव्यात बसवलं. काढण्याआधी कोऱ्या तारा चढवून थेट कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करून ठेवलं होतं. नंतर त्याच जाडीच्या कोऱ्या तारा लावल्या, पिकअपची उंची पट्टीने मोजून तेवढीच ठेवली आणि तेच तुकडे पुन्हा वाजवले. वजनकाट्यावर जुनी बॉडी १ किलो ९०० ग्रॅम भरली, नवी १ किलो २००. आठ तुकड्यांची सरमिसळ करून मी आणि दोन वाजवणाऱ्या मित्रांनी ऐकले. कुठला कोणत्या बॉडीचा, हे तिघांपैकी एकालाही धड सांगता आलं नाही. मग पिकअप दोन मिलिमीटर खाली घेतला, तर तिघांनीही पहिल्याच फटक्यात ओळखलं.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये वीज तयार होते. लाकडाचा आवाज आत जायला वाटच नाही.

रंधा

मी पंधरा वर्षं बॉडी कापतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लाकडाचा आवाज पिकअपमध्ये जात नाही, मान्य. पण आमचं म्हणणं ते नाहीच. तार ज्या दोन टोकांवर टेकलीय, ती टोकं शेवटी लाकडावरच बसलेली आहेत. टोक केसभर जरी हललं तरी तारेची ऊर्जा तिथून झिरपते, आणि सगळ्या स्वरांची सारखी झिरपत नाही. कुठल्या स्वराची किती झिरपणार हे लाकडाचा ताठपणा आणि वजन ठरवतं. म्हणजे पिकअप फक्त तारच ऐकतो हे खरं धरलं, तरी ती तार कशी हलते यात लाकडाचा हात आहेच.

दुसरं. एक ऑल्डर आणि एक पॉलोनिया, एवढ्यावरून लाकडाच्या जातींचा निकाल लावता येत नाही. एकाच ओंडक्यातून निघालेल्या दोन फळ्या मी रोज हाताळतो. फळी वरच्या कडेला दोन बोटांत लोंबती धरायची आणि मधोमध टिचकी मारायची. एक घणघणते, दुसरी ठक्क करून गप्प होते. जिची टिचकी घणघणते तिच्या गिटारचा स्वर फुलतो, हा माझा अनुभव आहे आणि तो मी सोडणार नाही.

तिसरं. गिब्सनने १९५२ साली लेस पॉल काढली ती महोगनीवर मेपलची जाड टोपी चढवून. दोन लाकडं जोडायची, वरचं कोरून उतार द्यायचा, हा सगळा जादा खटाटोप आहे. निव्वळ वजन आणि स्क्रूंचा विचार असता तर एकाच लाकडात काम भागलं असतं.

जुनी वायर

रंधा, इतिहासातलं एकच उदाहरण उचललंत. बाकीची बघा ना.

फेंडर कंपनीची १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर अ‍ॅशची होती. १९५६ पासून बहुतेक रंगांसाठी फेंडर ऑल्डरवर गेली. अ‍ॅशची छिद्रं मोठी, ती भरून मग रंगवावी लागतात. ऑल्डरचा पोत बंद, रंग पटकन बसतो. २०२० मध्ये त्यांनी नेहमीच्या उत्पादनातून अ‍ॅश जवळपास काढूनच टाकलं, कारण पोखरणाऱ्या किड्याने झाडं मेली आणि मिसिसिपीच्या पुरांनी तोडणी रखडली. डॅनइलेक्ट्रोने तर लाकडी चौकटीवर मेसोनाइट, म्हणजे दाबून केलेला हार्डबोर्ड लावून गिटारी विकल्या, आणि त्यांच्या आवाजासाठी लोक आजही जीव टाकतात. डॅन आर्मस्ट्राँगची १९६९ ची गिटार पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची, तिच्या बॉडीत लाकूडच नाही. तीही भरपूर वाजवली गेली.

लाकूड मिळालं, परवडलं, कापता आलं म्हणून वापरलं. त्याच्या टोनची वर्णनं मागाहून चिकटली.

रंधा

मागाहून चिकटली म्हणून खोटी ठरत नाहीत. सोयीसाठी निवडलेल्या लाकडाचाही आवाजावर परिणाम होऊ शकतो. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यांची गल्लत करू नका.

खर्जातला

बास गिटारवाला आहे, म्हणून माझ्या वाद्यावरचं सांगतो. माझ्या बासच्या जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या (नेकवरच्या आडव्या पट्टीच्या) आसपास एक मेलेली जागा आहे. आजूबाजूचे स्वर लांब चालतात, तिथला मात्र ढप्प होऊन विरतो. बऱ्याच बासमध्ये हे दिसतं. मी हेडस्टॉकला, म्हणजे नेकच्या टोकाला, सुताराचा छोटा शिकंजा लावून बघितला. मेलेली जागा सरकली! बॉडीला हातही लावला नव्हता.

सहावी तार

खर्जातला, अगदी नेमकं बोललात. फ्लायशर आणि झ्विकर या दोन जर्मन संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी इलेक्ट्रिक गिटारची कंपनं मोजली. ऊर्जा गळते ती मुख्यतः नेकच्या बाजूने, ब्रिजच्या बाजूने फारच थोडी, असं त्यांना आढळलं. साधी गोष्ट आहे, बॉडी म्हणजे साडेचार सेंटिमीटर जाडीचा ठोकळा, आणि नेक म्हणजे लांब, सडपातळ, एका टोकाला मोकळी काठी. तेव्हा रंधा, तुमचा ऊर्जा झिरपण्याचा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. पण मग नेकच्या लाकडावर बोला. बॉडीवर एवढी विशेषणं कशाला?

एका फळीचा आक्षेपही रास्त आहे. माझ्या प्रयोगातून एवढंच दिसतं की जवळपास ३७ टक्के वजन गेलं तरी आम्हाला फरक ऐकू आला नाही.

रिदमवाली

तुमचं टोनचं चालू द्या, मी वजनावर बोलते. सत्तरच्या दशकातल्या काही लेस पॉल साडेचार-पाच किलोंच्या आहेत. तसलीच एक मी सात वर्षं वाजवली. तीन तासांच्या कार्यक्रमानंतर डाव्या हाताच्या करंगळीला मुंग्या यायच्या. पट्टा रुंद केला, तात्पुरतं बरं वाटलं, शेवटी गिटार बदलली. पुढे गिब्सननेच मेपलखालच्या महोगनीत गोल भोकं पाडून वजन उतरवायला सुरुवात केली, ती काही उगाच नाही.

पण सहावी तार, हलकं म्हणजे चांगलं असंही नाही हो. बॉडी फार हलकी झाली की नेक खाली झुकतो. मग डावा हात स्वर दाबायच्या ऐवजी नेक उचलून धरायचं काम करतो. तुमच्या पॉलोनियाचं काय झालं ते लिहिलंच नाहीत.

सहावी तार

लिहायला हवं होतं. झुकतो. खरबरीत, रुंद पट्टा लावला आणि ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या) हलके घेतले, तेव्हा जमलं. आणखी एक म्हणजे पॉलोनिया इतकं मऊ की पट्ट्याच्या बटणाचा स्क्रू दुसऱ्याच महिन्यात फिरायला लागला. भोक मोठं करून त्यात मेपलची खुंटी गोंदाने बसवली आणि नव्याने स्क्रू घेतला. बासवुडमध्येही ट्रेमोलोचे (दांडा दाबून स्वर हलवणाऱ्या ब्रिजचे) खांब सैल होतात ते याच कारणाने. लाकूड निवडताना मला हे कुणीच सांगितलं नव्हतं, सगळे टोनच सांगत होते.

जुनी वायर

एक मुद्दा रंधाच्या बाजूने, कारण तो खरा आहे. मेणात न बुडवलेला जुना पिकअप असेल तर कॉइल स्वतःच थरथरते आणि बॉडीवर ठोकलेलं अ‍ॅम्पमधून ऐकू येतं. असा पिकअप प्लास्टिकच्या पिकगार्डवर (बॉडीवरच्या पातळ झाकणावर) टांगण्याऐवजी थेट लाकडात स्क्रूने बसवला, तर लाकूड थोडंफार आत शिरतं. सहावी तार यांचं ‘वाटच नाही’ एवढं सरसकट नको.

सहावी तार

मान्य. माझे पिकअप मेणवलेले आणि पिकगार्डवरचे आहेत. ‘वाटच नाही’ मागे घेतो.

रंधा

मग असं करू. माझ्याकडे सुकवलेल्या ऑल्डरच्या दोन फळ्या आहेत. एक घणघणणारी, एक ठक्क. तिसरी महोगनीची घेतो. तिन्ही एकाच साच्यावर राउट करतो (यंत्राने कोरतो), रंग न लावता देतो. नेक आणि पिकअप तुमचेच. कुठली कोणती हे फक्त मला माहीत असेल, वजन लपवायला रेकॉर्डिंग तिसऱ्याच कुणाकडून करून घ्या.

सहावी तार

तयार आहे. एकच अट, नेकची खाच तिन्हींत कागदाइतकीही सैल नको, आणि चारही बोल्ट सारखेच आवळायचे. नाहीतर आपण लाकडाऐवजी सांध्यावरच भांडत बसू.

रिदमवाली

रेकॉर्डिंग मी करते. तिन्ही बॉडींचं वजन आधी मला एकटीला कळवा.