रिकामं हॉस्पिटल आणि कुलूपबंद स्मार्ट क्लास

खडूबहाद्दर:
बीबीसीच्या 'येस मिनिस्टर' या कॉमेडी मालिकेतलं ते हॉस्पिटल आठवतंय का, १९८१चा एपिसोड? ५०० जणांचा स्टाफ, डॉक्टर नाही, नर्स नाही, पेशंट तर औषधालाही नाही, आणि वर स्वच्छतेच्या बक्षिसासाठी नाव पुढे. शाळांमधलं टेक्नॉलॉजी प्रकरण मला डिट्टो तसंच वाटतं. १९१३ला एडिसन म्हणाला होता की सिनेमा आला, आता शाळेतली पुस्तकं जाणार, मग रेडिओ झाला, टीव्ही झाला, मानसशास्त्रज्ञ स्किनरचं टीचिंग मशीन, लॅपटॉप, टॅबलेट, आता एआय. दर वेळी खरेदी जोरात, उद्घाटन जोरात, आणि वर्गात फरक काय पडला विचारलं की डॅशबोर्ड दाखवतात. कॉमेडी अजून ताजी, यंत्रं भंगारात.

रातकिडा:
कैच्या कै. बीबीसीचंच उदाहरण देताय तर ऐका, त्याच १९८१च्या डिसेंबरात बीबीसी मायक्रो हा कॉम्प्युटर आला आणि ब्रिटनमधल्या बहुतेक शाळांत पोचला. तो बनवणाऱ्या एकॉर्न कंपनीनेच पुढे एआरएम प्रोसेसर काढला, तुम्ही हे ज्या मोबाइलवर टाइप केलंत त्यात बहुधा त्याच घराण्याची चिप असेल. हे पण फॅड का?

आगाऊ_बाक:
@रातकिडा तुमचं उदाहरण बरोबर पण त्यातनं निघतं उलटंच. ते मशीन चालू केलं की समोर थेट बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा, दोन ओळी टाइप केल्याशिवाय काही हलायचं नाही, आणि जोडीला टीव्हीवर मालिका पण होती. पेरूमध्ये शंभर डॉलरवाल्या लॅपटॉप योजनेत लाखो लॅपटॉप वाटले, नंतर तपासलं तर गणितात नि भाषेत मुलं होती तिथंच. काय शिकवायचं ते आधी ठरलेलं नसलं की असंच होणार.

रातकिडा:
@आगाऊ_बाक हे मान्य, म्हणजे भांडण वस्तूशी नाहीये. आणि "कॉमेडी ताजी" वगैरे सोडा हो, बीबीसीने ६०-७०च्या दशकात टेपा महाग म्हणून कितीतरी कार्यक्रम पुसून त्याच टेपा परत वापरल्या, त्यात चांगल्या कॉमेड्याही गेल्या. उरलेल्या चार बघून जुनं ते सोनं म्हणायचं!

खडूबहाद्दर:
टेपा निदान वापरून तरी झिजल्या, टॅबलेट मुलं फोडतील म्हणून कपाटातच. मी पाहिलेल्या एका शाळेत वर्षाअखेरीला कपाट उघडून नग मोजायचे, सगळे जागेवर, सही, परत कुलूप.

आगाऊ_बाक:
मग स्वच्छतेचं बक्षीस त्या कपाटालाच द्या 😂