गालापागोस : लहान जहाजाने जावे, की मुळात जाऊच नये?

गंगापूर रोडकर : गेल्या महिन्यात आम्ही पतिपत्नींनी सोळा प्रवाशांच्या जहाजातून गालापागोसची आठ दिवसांची सफर केली, आणि परतल्यापासून सोसायटीत एकच प्रश्न ऐकतो आहे की, एवढा खर्च करून त्या प्राण्यांना त्रास द्यायला कशाला गेलात? माझे मत नेमके उलट आहे. इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे १००० किलोमीटर दूर असलेल्या या बेटांवर १९५९ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. जहाजात १०० हून अधिक प्रवासी चालत नाहीत, किनाऱ्यावर सोळा जणांमागे एक परवानाधारक मार्गदर्शक लागतो आणि प्राण्यांपासून २ मीटर दूर राहावे लागते. (हा शेवटचा नियम प्राण्यांना कोणी सांगितलेला दिसत नाही. काळ्या खडकावर पहुडलेल्या एका समुद्री इग्वानाने, म्हणजे मोठ्या सरड्याने, पोटात गेलेले जादा मीठ नाकावाटे असे शिंकरले की, ती पिचकारी थेट माझ्या बुटांपाशी पडली.) मुक्काम जहाजावर, कचराही जहाजावर. याहून सौम्य पर्यटन कोणते?

निफाडचा बागायतदार : साहेब, प्रश्न मुक्कामाचा नाही, ने-आणीचा आहे. माझ्या द्राक्षबागेत पिठ्या ढेकूण हा किडा कोणी मुद्दाम सोडला नव्हता. तो मजुरांच्या कपड्यांवरून आणि क्रेटमधून आला. तिथे बेटागणिक कासवे निराळी झाली, ती बेटे एकमेकांपासून तुटलेली होती म्हणूनच. आता तुमचे जहाज रात्री एका बेटाहून दुसऱ्या बेटाला निघते आणि दिव्यांवर आलेले किडे फुकटात प्रवास करतात. बाहेरून आलेल्या फिलोर्निस माशीच्या अळ्या आज फिंच पक्ष्यांच्या पिल्लांचे रक्त पितात. जानेवारी २००१ मध्ये तिथल्याच सान क्रिस्तोबाल बेटाजवळ जेसिका हे तेलवाहू जहाज रुतले, तेव्हा त्यातले काही इंधन एका पर्यटक जहाजासाठीच चालले होते. सांता फे बेटापर्यंत त्या तेलाचा किरकोळ अंशच पोहोचला, तरी तेथील समुद्री इग्वानांपैकी ६० टक्क्यांहून अधिक वर्षभरात दगावल्या.

पंचवटीतील निवृत्त शिक्षिका : दादा, तेलाचा मुद्दा मान्य, पण राग चुकीच्या ठिकाणी निघतो आहे. जहाजांवरील खाटांची संख्या मर्यादित ठेवलेली आहे. पर्यटक वाढले ते वस्तीच्या बेटांवरील हॉटेलांमुळे, आणि तिथे अशी मर्यादा नाही. ऑगस्ट २०२४ पासून परदेशी प्रौढांचे प्रवेशशुल्क १०० डॉलरवरून २०० डॉलर झाले आहे. उद्या कोणीच गेले नाही, तर उद्यानाचे हे उत्पन्न कोठून भरून काढायचे, हे आपणच सांगावे.

निफाडचा बागायतदार : ताई, उत्पन्नासाठी माणसे हवीत, हे पटते. मग त्यांनी एका बेटावर उतरावे, तेच नीट पाहावे आणि परत जावे. आठ दिवसांत सात बेटे पालथी घालण्याचा हट्ट कशासाठी?

गंगापूर रोडकर : सात नव्हे, पाच. प्रत्येक फेरीनंतर आमचे बूट धुऊन घेत, एवढे मात्र नोंदवतो. दिव्यांबाबत माझी बाजू लंगडी आहे, कारण तिसऱ्या रात्री डेकवरच्या दिव्यावर बसलेल्या एका सुंदर पतंगाचा फोटो मीच हौसेने काढला आहे.

निफाडचा बागायतदार : तो पतंग कोणत्या बेटावर चढला आणि कोणत्या बेटावर उतरला?