सेव्हिलमधील फ्लामेंको पोशाखांचा फॅशन शो पाहण्यापूर्वी काय जाणून घ्यावे?

दूरदेशी :

सर्वांना नमस्कार. मी मूळची पुण्याची असून सध्या एका सत्रापुरती स्पेनमधील सेव्हिल विद्यापीठात सांस्कृतिक इतिहास शिकण्यासाठी आले आहे. माझ्या वर्गातील एका स्थानिक मैत्रिणीची आई शिवणकाम करते आणि तिच्यामुळे मला 'सिमोफ' या फ्लामेंको फॅशनच्या वार्षिक प्रदर्शनातील एका संध्याकाळच्या शोचे तिकीट मिळाले आहे. फ्लामेंको या स्पॅनिश गायन-नृत्यकलेशी माझा आजवरचा परिचय त्रियाना भागात पाहिलेल्या नृत्याच्या एका कार्यक्रमापुरताच असल्यामुळे तिथे नेमके काय पाहायला मिळेल, याची मला पुरेशी कल्पना नाही.

माझी मुख्य शंका अशी आहे की, जो पोशाख पारंपरिक म्हणून ओळखला जातो, त्याची दरवर्षी नवी फॅशन कशी काय निघते? सत्राच्या अखेरीस याच विषयावर निबंध लिहिण्याचा विचार आहे, त्यामुळे केवळ डोळे दिपवून घेऊन परत यावे असे मला वाटत नाही. शोमध्ये कशाकडे लक्ष द्यावे, स्वतः काय नेसून किंवा घालून जावे, आणि ज्या रोमा (जिप्सी) समाजाचे नाव या पोशाखाला जोडले जाते त्याचा या सगळ्यात कितपत वाटा आहे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

ग्वादल्किवीर :

मी बरीच वर्षे सेव्हिलमध्ये राहते आणि माझ्या सासरच्या स्त्रियांमुळे या पोशाखाशी माझा घरचा संबंध आला, म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे, हा नृत्याचा कार्यक्रम नाही. रचनाकारांचे काही पोशाखसंग्रह सादर होताना गायन किंवा गिटार प्रत्यक्ष सादर होते हे खरे, परंतु तिथे दाखवले जाणारे बहुतेक पोशाख रंगमंचावरील नर्तकीसाठी नसून वसंत ऋतूत भरणाऱ्या जत्रांसाठी, आणि त्यांतही प्रामुख्याने सेव्हिलच्या एप्रिल जत्रेसाठी असतात. तुमच्या शंकेचे उत्तर मला या जत्रेच्या इतिहासातच दिसते. होसे मारिया इबारा आणि नार्सिसो बोनाप्लाता या दोन नगरसेवकांनी 1846 मध्ये गुरांचा बाजार भरवण्याचा प्रस्ताव नगरपालिकेपुढे ठेवला आणि 1847 च्या एप्रिलमध्ये प्रादो दे सान सेबास्तियान या मैदानावर पहिली जत्रा भरली. गुरांच्या व्यापाऱ्यांबरोबर आलेल्या स्त्रिया, ज्यांत रोमा आणि अंदालुसियाच्या, म्हणजे या दक्षिण स्पेनच्या प्रांताच्या, खेड्यांतील कष्टकरी बायका होत्या, साध्या सुती कापडाचे, झालरी लावलेले झगे घालून येत. त्यांच्या अंगावर ते इतके शोभून दिसत की पुढे शहरातील सुखवस्तू घरांतील स्त्रियांनीही जत्रेपुरता तसाच पोशाख शिवून घ्यायला सुरुवात केली. 1929 मध्ये सेव्हिलमध्ये भरलेल्या इबेरो-अमेरिकन प्रदर्शनानंतर तर या पोशाखाला जत्रेच्या अधिकृत वेशासारखी प्रतिष्ठा लाभली.

म्हणजेच हा वेश कोणत्याही दरबाराने किंवा धर्मपीठाने ठरवून दिलेला नसून, एकीने दुसरीचे पाहून उचललेला आणि आपल्या काळाप्रमाणे बदललेला आहे. 1960 च्या दशकात जगभर आखूड स्कर्टची लाट आली तेव्हा सेव्हिलच्या जत्रेतले झगेही गुडघ्यापर्यंत वर गेले आणि पुढच्या दशकात पुन्हा घोट्यापर्यंत उतरले. बाह्यांची लांबी, झालर कमरेखाली कुठून सुरू व्हावी, ठिपके किती मोठे असावेत, केसांतले फूल टाळूवर खोवावे की कानामागे, या सर्व बाबी दर काही वर्षांनी बदलतात. प्रादेशिक वेशांमध्ये फॅशन असलेला हा एकमेव वेश आहे, असे इथल्या बायका अभिमानाने सांगतात. 'एकमेव' या शब्दाबद्दल वाद घालता येईल, परंतु त्या अभिमानामागचे कारण मला पटते, कारण जो वेश दरवर्षी खरोखर अंगावर चढतो तो संग्रहालयातल्या कपाटासारखा स्थिर राहूच शकत नाही.

शो हिवाळ्यात का असतो, हेही यावरून लक्षात येईल. 1995 पासून भरणारे सिमोफ साधारण जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या आरंभी असते, तर जत्रा बहुधा ईस्टरनंतर दोन आठवड्यांनी येते. शो पाहून बायका शिवणारणीकडे माप द्यायला जातात आणि मधल्या काळात शहरातल्या शिवणघरांना उसंत नसते. तुमच्या मैत्रिणीच्या आईला या दिवसांबद्दल अवश्य विचारा, कारण निबंधासाठी त्यांच्याइतके चांगले साधन तुम्हाला ग्रंथालयात मिळणार नाही.

प्रदर्शन सेव्हिल एस्ते भागातील फिबेस या सभागृह-संकुलात असते आणि सान्ता हुस्ता स्थानकावरून सी-4 ही लोकल तुम्हाला 'पालासिओ दे कोंग्रेसोस' या स्थानकापर्यंत नेते. कपड्यांच्या बाबतीत एवढेच सांगेन की प्रेक्षक पूर्ण झालरींचा पोशाख घालून येत नाहीत. तो जत्रेसाठी राखून ठेवलेला असतो. नीटनेटके नेहमीचे कपडे आणि हवे तर मोठी कर्णफुले पुरेशी होतात. साडी नेसून गेलात तरी कोणाला वावगे वाटणार नाही, मात्र खुर्च्या दाटीने मांडलेल्या असतात हे लक्षात ठेवा.

टाकाधागा :

वरील प्रतिसाद उत्तम आहे. मी वस्त्ररचनेचे शिक्षण घेतले आहे, त्यामुळे कापड आणि शिवण यांविषयी थोडे लिहिते.

मॉडेल समोरून येताना सगळ्यांचे लक्ष रंगांकडे जाते. तुम्ही ती वळून परत जाऊ लागेल तेव्हा नितंबांपासून गुडघ्यापर्यंतचा भाग पाहा. पोशाख तिथपर्यंत अंगाला घट्ट बसलेला असतो आणि मग एकदम घेर फुटतो. तो घेर कुठे फुटावा, हे ठरवण्यातच कारागिराचे कसब दिसते, कारण जागा थोडी जरी खाली गेली तरी बाईला चालणे आणि जत्रेतले 'सेव्हियानास' हे नृत्य करणे अवघड होते. झालरीही एकाच प्रकारच्या नसतात. सरळ पट्टी चुण्या घालून शिवली की झालर फुगीर आणि जड दिसते, तर कापड गोलाकार कापून लावले की वरची शिवण सपाट राहते आणि खालचा काठ लाटांसारखा हलतो. पुष्कळदा त्या काठात नायलॉनचा बारीक दोरा घालून त्याला ताठपणा दिलेला असतो. गोल कापलेल्या झालरीला कापड फार लागते आणि किमतीत पडणारा मोठा फरक बऱ्याच अंशी इथून येतो.

नर्तकीचा शेपटीदार झगा, ज्याला 'बाता दे कोला' म्हणतात, हा मात्र सर्वस्वी वेगळा प्रकार आहे. त्याची लांब शेपटी पायाने उचलून फिरवायची असते, म्हणून आतल्या झालरींचे वजन आणि तोल यांचा हिशेब नृत्याच्या गरजेप्रमाणे केला जातो. शोमध्ये असा झगा दिसलाच, तर तो तिथे प्रामुख्याने देखाव्यासाठी आहे हे ध्यानात घ्यावे.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती शाल, म्हणजे 'मांतोन दे मानिला'. नाव फिलिपिन्समधील मनिलाचे असले तरी हे भरतकाम केलेले रेशीम मूळचे चीनमधले. ते मनिलामार्गे गलबतांनी मेक्सिकोतील आकापुल्कोला आणि तिथून स्पेनला येत असे. स्पेनमध्ये आल्यावर त्यावरील नक्षीत गुलाबांसारखी फुले वाढली आणि हाताने गाठी मारून विणलेल्या दशा लांब होत गेल्या. सेव्हिल प्रांतातील कांतियाना हे गाव आजही या भरतकामासाठी प्रसिद्ध आहे. तुमचे वर्ग जर विद्यापीठाच्या जुन्या मुख्य इमारतीत भरत असतील, तर ती अठराव्या शतकातील राजेशाही तंबाखू कारखान्याची वास्तू आहे आणि तिथे चिरूट वळणाऱ्या कामगार स्त्रियांच्या खांद्यांवर अशा शाली असत.

मुंबईच्या वाचकांना इथे एक खरे नाते सापडेल. चीनशी व्यापार करणाऱ्या पारशी कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकात कँटनहून जे भरलेले रेशीम आणले, त्यातून त्यांच्या गारा साड्या घडल्या. एकाच प्रदेशातील भरतकाम एका बाजूने मुंबईत साडीच्या काठावर आणि दुसऱ्या बाजूने सेव्हिलमध्ये दशा लावलेल्या शालीवर पोहोचले. दोन्हींमधले पक्षी आणि फुले शेजारी ठेवून पाहिलीत, तर तुमच्या निबंधाला एक स्वतंत्र प्रकरण मिळू शकेल.

जुनी पाने :

रोमा समाजाविषयीच्या प्रश्नाला अजून कोणी स्पर्श केलेला नाही, म्हणून लिहितो. सेव्हिलमध्ये पुष्कळ लोक या पोशाखाला आजही 'त्राखे दे हिताना', म्हणजे रोमा स्त्रीचा पोशाख, असेच म्हणतात. ज्यांच्यापासून तो उचलला गेला त्यांच्याशी स्पेनचे वागणे कसे होते, हे निबंधात यायलाच हवे असे माझे ठाम मत आहे. रोमांचे पूर्वज वायव्य भारतातून निघाले, हे भाषाशास्त्राने दाखवून दिले आहे आणि पंधराव्या शतकात ते स्पेनमध्ये पोहोचले. 1749 च्या जुलैमध्ये सहाव्या फर्नांदोच्या राजवटीत देशभरातील रोमांना एकाच वेळी पकडण्याचा आदेश निघाला. हजारो माणसे बंदिवान झाली आणि पुरुषांना स्त्रियांपासून वेगळे करून सक्तमजुरीला धाडण्यात आले. ज्या त्रियानात तुम्ही नृत्य पाहिलेत, तिथल्या रोमा कुटुंबांनाही विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शहराच्या कडेच्या वसाहतींमध्ये हलवले गेले.

म्हणून जत्रेचा वेश केवळ कौतुकाचा विषय मानणे मला अपुरे वाटते. युनेस्कोने 2010 मध्ये फ्लामेंकोला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, तेव्हाही या कलेच्या घडणीतील रोमा समाजाचा वाटा अधोरेखित झाला. शो पाहताना हे मनात ठेवा : रचनाकार, शिवणारे आणि मॉडेल यांच्यात रोमा किती आहेत आणि पोशाखाच्या वर्णनात त्यांचा उल्लेख कसा होतो? तुम्ही भारतीय आहात म्हणून लोक 'हे सगळे तुमच्याकडूनच आले' असे प्रेमाने म्हणतील, परंतु भाषेचे मूळ आणि वेशाचे मूळ या वेगळ्या गोष्टी आहेत. झालरींचा हा झगा एकोणिसाव्या शतकातील अंदालुसियात घडला आहे. त्याला राजस्थानच्या घागऱ्याचे वंशज ठरवण्याची घाई कृपया करू नये.

दूरदेशी :

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. काल शो पाहून आले. सूचनेप्रमाणे मी वळणाऱ्या पाठीकडेच लक्ष ठेवले आणि गोल कापलेली झालर व चुण्यांची झालर यांतील फरक मला दोन-तीन संग्रहांनंतर आपोआप ओळखू येऊ लागला. एका रचनाकाराने संपूर्ण संग्रह पांढऱ्या आणि मातकट रंगांत, एकही ठिपका न वापरता सादर केला, तेव्हा माझ्या शेजारच्या आजींनी स्पष्ट नापसंती दर्शवली, तर त्यांच्या नातीने त्याच पोशाखांची छायाचित्रे काढली. परंपरा कुठे बदलते या माझ्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दोन खुर्च्यांच्या मध्ये मिळाले असे वाटते. बाहेरच्या दालनांत फुले, कंगवे आणि कर्णफुले विकणाऱ्यांशीही बोलले. रोमा समाजाविषयी विचारल्यावर मात्र बहुतेकांनी सौजन्याने विषय बदलला आणि निबंधात मी त्याचीही नोंद करणार आहे.

एक शेवटचा प्रश्न आहे. मैत्रिणीच्या कुटुंबाने जत्रेला बोलावले आहे. परदेशी विद्यार्थिनीने हा पोशाख घालणे योग्य दिसेल का, आणि बेताच्या खर्चात तो कसा मिळेल?

ग्वादल्किवीर :

निश्चित घाला. इथे बाहेरच्या स्त्रीने पोशाख घातला तर तो आदर मानला जातो, फक्त तो स्वस्त नाटकी कापडाचा नसावा आणि फूल, कर्णफुले व छोटी शाल यांच्यासह पूर्ण असावा. जत्रेतील बहुतांश मांडव खाजगी असल्याने कुटुंबाचे आमंत्रण ही मोठी गोष्ट आहे. नवा पोशाख शिवायला काहीशे युरो लागतात. त्याऐवजी मैत्रिणीच्या आईकडे कोणाचा जुना पोशाख तुमच्या मापाला घेता येईल का ते विचारा, कारण शिवणीत कापड राखून ठेवण्याची इथे पद्धत आहे आणि एकच पोशाख बहिणी-बहिणींत फिरतो. तसे न जमल्यास वापरलेले पोशाख विकणारी दुकाने मार्चपासून भरू लागतात. मात्र बूट नवे घेऊ नका. जत्रेच्या मैदानावर पिवळी माती असते आणि रात्रभर उभे राहावे लागते, त्यामुळे पायांना सवय झालेली, जाड टाचेची जोडी घ्या.