राजापुरातील घरोघरचे जुने कागद जपण्यासाठी मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार.

राजापूर म्हटले की बहुतेकांना गंगा आठवते, किंवा १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी लुटलेली इंग्रजांची वखार. मात्र अर्जुना नदीतून व्यापार चालत होता तेव्हाचे आणि गाळ साचून बंदर मागे पडल्यानंतरचे येथील रोजचे जगणे घरांच्या माळ्यांवर, रुमालांत बांधलेल्या मोडी पत्रांत, हिशेबाच्या वह्यांत आणि गहाणखतांत पडून आहे, आणि मला तोच इतिहास अधिक मोलाचा वाटतो.

आमच्या घरी असे दोन रुमाल निघाले. एकाला दमट हवेने बुरशी आली आहे, दुसऱ्याला कसर लागली आहे. एका परिचितांनी चांगल्या हेतूने आपले कागद लॅमिनेट करून घेतले. आता ते प्लास्टिक कागदाला इजा न करता काढता येत नाही. ती चूक इतरांकडून होऊ नये, अशी मनापासून इच्छा आहे.

बुरशी आलेले, एकमेकांना चिकटलेले कागद घरच्या घरी कसे सुकवावेत आणि ते स्कॅनरवर ठेवावेत की वरून छायाचित्रे घ्यावीत, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. मोडी वाचणारे कोणी रत्नागिरी परिसरात असल्यास तसेही कळवावे. शिवाय गहाणखतांत आज येथेच राहणाऱ्या घराण्यांच्या कर्जांचे उल्लेख आहेत. असे कागद सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी त्या कुटुंबांची संमती आपण कशी घेतलीत?