आज्जीचं नेमकं वय किती? तुमच्या घरातला हिशेब लिहा

आमची बाई उन्हाळ्यात गेली. आईला आम्ही सगळी भावंडं बाईच म्हणायचो. सेलूतल्या एकाच गल्लीत तिचा सगळा संसार झाला. दाखल्यासाठी जन्मतारीख विचारली म्हणून आधार कार्ड पुढं केलं, तर त्यावर १ जानेवारी. चुलतीच्या कार्डावरही १ जानेवारी, समोरच्या काकूंच्याही. आख्खी गल्ली एकाच दिवशी जन्मलेली!

बाईला विचारलं की ती सांगायची, "पोलिस ॲक्शनला मी रांगायले होते." म्हणजे निजामाच्या राज्यात भारताची फौज शिरली त्या सप्टेंबर १९४८ ला वर्षाच्या आत-बाहेर. थोरला भाऊ बहात्तरच्या आधीचा, धाकटी इंदिराबाई गेल्या त्या सालची. अधिक महिन्याचा घोळसुद्धा तिच्या हिशेबात बसायचा.

तुमच्याकडं आईचं, आज्जीचं वय कशावरून धरायचे? त्यासोबत तिचं जे आठवतं तेही लिहा. फक्त 'माउली होती, देवमाणूस होती' एवढ्यावर उरकू नका. काय करायची, काय बोलायची ते सांगा.

परांडेकर

आज्जीचं लग्न रझाकारीत, म्हणजे निजामाच्या बाजूच्या रझाकारांची दहशत होती तेव्हा, बार्शीला लागलं. परांड्याहून बार्शी जवळच, पण तेव्हा मधे निजामाची हद्द. तरण्या पोरी आणि दागिने, दोन्ही लोकांनी हद्दीपलीकडच्या पाहुण्यांकडं नेऊन ठेवले होते. मांडव नाही, वाजंत्री नाही, मामाच्या ओसरीवर अक्षता पडल्या. निजामाचं राज्य १७ सप्टेंबर १९४८ ला संपलं आणि मग ती सासरी नांदायला आली.

तिला अक्षर येत नव्हतं, पण पैशाचा हिशेब तोंडपाठ. निजामाचा रुपया हाली, इकडचा कलदार, आणि सहा कलदारांना सात हाली हा भाव. ही मोडतोड ती बसल्या जागी करायची. नव्वदीत येऊन पोचली तरी आठवडी बाजारात कुणी जास्त भाव सांगितला की म्हणायची, "हाली सांगायलास का कलदार?" भाजीवाल्या पोराला काही कळायचं नाही. तो गडबडून दोन रुपये कमी करायचा.

भाकरतुकडा

कलदार शब्द आमच्याकडंही होता, लई दिवसांनी ऐकला.

माझी आई बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. मी तेव्हा तिच्या पोटात, म्हणून माझं वय पक्कं. पाटोदा तालुक्यात पाझर तलावाचं काम चाललं होतं. तिथं मजुरांना खायला सुकडी मिळायची. ती आई पदरात बांधून थोरल्या दोघांसाठी घरी आणायची. रेशनवर मिलो मिळायचा, लाल ज्वारी. भाकरी थापायला घेतली की कडंनं फाटायची, मग परातीतच बोटांनी चिरा बुजवायच्या. पुढं चांगली शाळू ज्वारी घरात आली तरी भाकरीच्या कडंवरून बोट फिरवायची सवय गेली नाही. डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख हातोडी बसून दुभंगलेलं होतं, ते तसंच वाढायचं.

औसा रोड

किल्लारीच्या पट्ट्यातलं आमचं गाव. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून माणसं उशिरा निजली होती. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला आले होते. आज्जीला आम्ही मोठी आई म्हणायचो. ती अंगणात वाकळ टाकून झोपली होती म्हणून वाचली. आजोबा आत होते.

आमच्याकडची घरं दगडमातीची, वर माळवद. लाकडाच्या सरांवर मातीचा थर, आणि गळू नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडाला वर नवी माती. जुनी कुणी काढत नाही, नवी पडत जाते. आमच्या घरावर ती माती मोठी आईच पसरायची, चोपणं घेऊन बडवायची. शेजारणींपेक्षा आपलं माळवद गळत नाही याचा तिला तोरा होता. भूकंपानंतर किती तरी वर्षांनी कुणीतरी माळवदाचा विषय काढला तेव्हा ती बोलली, "म्याच टाकली होती की माती." त्या विषयावर पुन्हा एक शब्द नाही.

पुनर्वसनात नवं गाव बसलं. रस्ते सरळ आणि रुंद, घराला नंबर. सरकारनं काही कमी केलं नाही, असं माझे वडील म्हणतात. मला विचाराल तर ते गाव मोजपट्टी लावून आखलं, हाक लावून नाही. जुन्या गावात मोठी आई चुलीपुढून उठायची नाही, भिंतीपलीकडच्या जावेला तिथूनच बोलायची. नव्या गावात जाऊ दोन गल्ल्या पलीकडं. मग दुपारी डोक्यावर पदर घेऊन, पानसुपारीची चंची कमरेला खोचून तिच्याकडं जायची आणि दिवे लागेपर्यंत यायची नाही. सुनांना राग यायचा. स्लॅबखाली ती शेवटपर्यंत झोपली नाही, थंडीतसुद्धा बाजेवर बाहेरच.

आमच्याकडं वय दोनच प्रकारचं, भूकंपाच्या आधीचं आणि नंतरचं.

नांदेडहून

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा, नामांतराचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला आणि आमच्या वस्तीला आग लागली. धाकटे काका तेव्हा तान्हे होते. आज्जी त्यांचं वय 'घर जळालं तवा दूध पीत होता' असं सांगायची, अगदी साध्या आवाजात, मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनासुद्धा. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. माझी चुलत बहीण त्याच आठवड्यात झाली. तिची तारीख मात्र आज्जीनं दवाखान्यातून कागदावर लिहून आणवली आणि डब्यात ठेवली.

बालाघाट

आमचे आईबाप ऊसतोडीला. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी यायची, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत आम्ही चार भावंडं आज्जीपाशी. त्यामुळं आईच्या आठवणी पावसाळ्याच्या आणि आज्जीच्या हिवाळ्याच्या. मास्तरांनी पटावर सगळ्यांना १ जून लिहिलेलं. आज्जीनं विचारलं, "चौघं जुळे हायेत का?" मास्तर हसले, पण खोडलं नाही.

भाकरतुकडा

१ जूनवाले इथं अर्धे निघतील. मीही.

लातूरकर सून

माझ्या सासूबाईंचा पणतू 'पाणी रेल्वेनं आलं त्या सालचा'. एप्रिल २०१६ ला मिरजेहून पहिली गाडी आली, दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. त्यांना टीव्हीवर दाखवली. म्हणाल्या, "बहात्तरला विहिरीला पाणी होतं, खायाला नव्हतं. आता दुकान भरलंय अन् घागर रिकामी." मग आम्हा सगळ्यांना भांडी कमी वापरा म्हणून दम. स्वतः ताटात हात धुवायच्या आणि ते पाणी तुळशीला. टँकर आला की रांगेत त्यांची कळशी पहिली असायची. ती पहाटेच कोण नेऊन ठेवायचं ते आम्हाला तेराव्याला शेजाऱ्यांकडून कळलं.