'ट्यूमर'ला मराठीत काय म्हणावं? गाठ, अर्बुद की आणखी काही?

दुभाषी: रुग्णांसाठी आठ पानी पत्रक मराठीत करते आहे. विषय हाडांचे आणि सॉफ्ट टिश्यूचे ट्यूमर. पहिल्याच ओळीत अडले. 'गाठ' लिहिलं, तर डॉक्टर म्हणाले, हाडात गाठ हाताला लागेलच असं नाही. बऱ्याच मुलांचं आधी नुसतं दुखतं, तेही रात्री. 'अर्बुद' लिहिलं, तर ज्या आईला वाचायला दिलं तिनं विचारलं, "हे गोळीचं नाव का?" दुसरा खोडा सॉफ्ट टिश्यूचा. 'मऊ ऊती' मोठ्यानं वाचून पाहा, मारुती ऐकू येतं. शुक्रवारी छपाई. सुचवा.

तळटीप: अर्बुदच. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी वेगळी, अर्बुद वेगळं. मांसार्बुदाचं कारण म्हणून बुक्कीचा मार दिलाय, इतकं बारीक. शाळेच्या पुस्तकातही कॅन्सरच्या गाठीला 'दुर्दम अर्बुद' आहे. लोकांना येत नाही म्हणून शब्द टाकायचा, की शब्द टाकला म्हणून लोकांना येत नाही?

ओपीडीतला: बुक्कीचा मार आजही प्रत्येक आई सांगते. "क्रिकेट खेळताना गुडघ्याला लागलं, तेव्हापासून." ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर, वाढीच्या वयात, बहुतेकदा गुडघ्याजवळच होतो, पण माराने नव्हे; मार लागल्यामुळे तिकडे लक्ष जातं एवढंच. मी पेशंटसमोर अर्बुद कधीच म्हटलेलं नाही. "गाठ साधी आहे", किंवा "साधी वाटत नाही, तुकडा तपासू". आणि तुकड्याबद्दल पत्रकात ठळक लिहा: ऑपरेशन जिथे व्हायचं तिथल्याच टीमनं तो घ्यावा. सुई ज्या वाटेनं गेली ती वाट पुढे गाठीबरोबर काढावी लागते. भलत्या जागी चिरा दिला, तर वाचला असता तो पायही काढावा लागू शकतो.

सांगलीची सून: 'वाढ' मात्र लिहू नका. माझ्या दिराला तपासून आमच्याकडचे डॉक्टर म्हणाले, "हाडात वाढ दिसते, पुढे दाखवा." सासूबाईंनी ऐकलं, हाड वाढलंय. टाचेचं वाढतं तसं! महिनाभर विटेचा शेक. निघाला युइंग सार्कोमा, हाडाचाच दुसरा एक कॅन्सर. केमो झाल्या, मग रेडिएशन. तिथल्या नर्सबाई म्हणाल्या, "आजपासून शेक सुरू." सासूबाई एकदम, "मग मी काय वेगळं करत होते?"

घाटमाथा: सार्कोमातला ग्रीक 'सार्क्स' म्हणजे मांस. म्हणजे सुश्रुताचं मांसार्बुद आयतंच आहे. शिवाय अर्बुद म्हणजे दहा कोटी. माझं मत असं, की वाढून वाढून जे मोजता येईना ते अर्बुद.

तळटीप: अबूचा डोंगरही अर्बुद. तिथे काय मोजत होते? असल्या व्युत्पत्त्या चहाबरोबर ठीक. 'ऊती' मात्र सोडू नका. 'वे' म्हणजे विणणे, त्यावरून ऊत, ऊती. टिश्यूही विणलेल्या कापडावरूनच आलाय. आणि हिंदीतलं ऊतक नको, हात जोडतो.

ओपीडीतला: ऊतीला ऊत आणू नका. "हाडाभोवतीचं मांस, चरबी, नसा" लिहा, संपलं.

दुभाषी: मथळ्यात मावत नाही हो. आणि 'साधी गाठ' वाचलं की लोक घरी बसतात. जायंट सेल ट्यूमर साध्यांतच धरतात, पण हाड पोखरतो, काढला तरी पुन्हा येऊ शकतो. उलट पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी, खोलवरची किंवा वाढत चाललेली गाठ दुखत नसली तरी दाखवा, हे वाक्य मला लिहायचंय. तिथे तरी कोणता शब्द?

कोकणी मेवा: दुखत नाही यावरून आठवलं. आजोबांच्या मानेवर लिंबाएवढा आवाळू होता. न्हावी तिथे आला की वस्तरा उचलायचा, फुंकर मारायचा आणि वळसा घालून पुढे जायचा. चाळीस वर्षं. आवाळू, बेंड, अवधाण, टेंगूळ एवढे शब्द घरात असताना सुश्रुत कशाला?

ओपीडीतला: बेंड म्हणजे पू आला. टेंगूळ आठवड्यात बसतं. आवाळू सोडलं, तर यातलं एकही ट्यूमर नाही. आवाळू बहुधा चरबीची गाठ, ते चालेल, पण त्या एकाच गाठीला.

सांगलीची सून: आवाळू 'होता' कसा? ते आवाळू.

कोकणी मेवा: आमच्याकडे तो.

तळटीप: नपुंसकलिंगीच. वासरू, लिंबू, आवाळू.

कोकणी मेवा: आणि लाडू?

दुभाषी: उद्या शुक्रवार आहे.

घाटमाथा: लाडूचं वेगळं आहे, सांगतो.